गच्चीवरची तबकडी आणि लंडनचे चित्र

उपग्रह वाहिन्यांचा आपल्याकडील इतिहास सांगताना हाँगकाँगचा स्टार समूह, रूपर्ट मरडॉक आणि मनोरंजनाची गर्दी यांचाच उल्लेख होतो. त्या गर्दीत एक वृत्तवाहिनीही होती: ‘बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस टेलिव्हिजन’. मुंबईच्या उपनगरांपुरते बोलायचे तर आमचे म्हणणे असे, की या वाहिनीने दृश्यावरील सरकारी मक्तेदारी मोडली. परंतु त्या दृश्याचा अर्थ सांगणारे शब्द ती येथील बहुसंख्य घरांना देऊ शकली नाही.

बीबीसीच्या परदेशांसाठीच्या रेडिओचा खर्च त्या काळी ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानातून भागत असे. दूरचित्रवाणीसाठी तसे अनुदान मिळाले नाही. त्यामुळे मार्च १९९१ मध्ये युरोपात सुरू झालेली ही वाहिनी व्यापारी तत्त्वावर चालवावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत ती स्टार समूहाबरोबर ‘एशियासॅट-१’ या उपग्रहावरून आशियात पोहोचली. हा उपग्रह मुळात ‘वेस्टार-६’. फेब्रुवारी १९८४ मध्ये तो योग्य कक्षेत पोहोचला नाही, नोव्हेंबरात अमेरिकी अंतराळयानाने त्याला पृथ्वीवर परत आणले आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने तो नव्या नावाने पुन्हा वर गेला.

आकाशात उपग्रह असून भागत नाही. खाली त्याला वाट लागते. ती वाट अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील इमारतींच्या गच्च्यांनी आधीच तयार केली होती. ऐंशीच्या दशकात कोणीतरी एका खोलीत व्हीसीआर मांडे, आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर टाकलेल्या तारेतून घरोघरी सिनेमा जाई. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या खेटून उभ्या इमारती या धंद्याला सोयीच्याच होत्या. नव्वदीच्या आरंभी केबलवाल्याने त्याच तारेच्या टोकाला तबकडी जोडली, एवढाच फरक. या व्यवसायासाठी तेव्हा वेगळा कायदा नव्हता. सरकारच्या हाती होता तो १८८५ चा तार कायदा. केबलचे नियमन करणारा कायदा १९९५ साली आला. म्हणजे लंडनची बातमी उपनगरात शिरली ती कोणाच्या धोरणामुळे नव्हे, तर महिन्याच्या वर्गणीवर जगणाऱ्या केबलवाल्यामुळे.

या व्यवस्थेची कसोटी लागली ६ डिसेंबर १९९२ रोजी. त्या रविवारी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. बीबीसीचे दिल्लीतील प्रतिनिधी मार्क टली तेथे होते. जमावाने त्यांना घेरले आणि काही काळ ते एका खोलीत कोंडलेले होते. दूरदर्शनने पाडकामाची दृश्ये दाखवली नाहीत; बीबीसीवर ती वारंवार दिसली. मुंबईतील आपल्या दिवाणखान्यात बसून माणसे आपल्याच देशातील घटना परदेशी वाहिनीवर पाहत होती. पुढे या दृश्यांनीच दंगल पसरवली, असा आरोप झाला. आम्हांला तो पटत नाही. घडलेले दाखवणे हा गुन्हा ठरवला, तर लपवणे हे कर्तव्य ठरते.

तरीही एक अडचण उरते. दृश्य सर्वांना कळते. निवेदन कळायला भाषा यावी लागते. दूरदर्शनच्या संध्याकाळच्या बातम्यांत शब्द मराठी होते, पण दृश्य गैरहजर होते. बीबीसीवर दृश्य होते, पण शब्द इंग्रजी. मधली पोकळी भरून काढली ती अफवांनी आणि वृत्तपत्रांनी, आणि त्यांतील काहींच्या लिखाणावर श्रीकृष्ण आयोगाने पुढे कडक ठपका ठेवला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींत मुंबईत ९०० माणसे मेली, असे हाच आयोग नोंदवतो.

दूरच्या कॅमेऱ्याची मर्यादाही येथेच कळते. जगाच्या बातमीपत्रात आपले शहर ‘बॉम्बे’ या एका शब्दात मावते. जोगेश्वरीची राधाबाई चाळ ही अशा बातमीपत्राच्या दृष्टीने फार बारीक जागा. येथील माणसाला मात्र तिचे नाव पुरेसे असते. आयोगाचा १९९८ साली विधिमंडळापुढे आलेला अहवाल घटनांची तपासणी पोलीस ठाण्यांनुसार करतो. त्यात घाटकोपर वेगळे, जोगेश्वरी वेगळी. दृश्य मिळाले त्याच दिवशी. ठिकाणांच्या नावांसह हिशेब मिळायला साडेपाच वर्षे लागली.

पुढचा इतिहास झपाट्याने घडला. एप्रिल १९९४ मध्ये चीनच्या दिशेने जाणाऱ्या प्रसारणातून स्टारने बीबीसीला वगळले. मरडॉकना चिनी बाजारपेठ हवी होती. सरकारी दडपणातून सुटलेली बातमी व्यापाराच्या दडपणाखाली कशी येते, याचा तो धडा होता. भारतात ही वाहिनी टिकली आणि जानेवारी १९९५ मध्ये ‘बीबीसी वर्ल्ड’ झाली. पुढच्याच महिन्यात, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ रोजी, आणि बीबीसीची मराठी सेवा २ ऑक्टोबर २०१७ रोजी. लंडनला मराठीचे वावडे कधीच नव्हते. १९४० च्या दशकात वेणू चितळे यांच्यासारख्या लेखिका तेथील रेडिओवर काम करीत होत्या. तरी दृश्यांच्या युगात लंडनची बातमी मराठीत यायला, ६ डिसेंबरनंतर, जवळजवळ पंचवीस वर्षे गेली.

स्वतंत्र दृश्य बाहेरून आणता येते, हे त्या तबकडीने सिद्ध केले. स्वतंत्र शब्द मात्र आपले आपणच कमवावे लागतात. एखाद्या रात्री आपल्या गल्लीत काय घडले हे आपल्या भाषेत, नावानिशी आणि निर्भयपणे सांगणारे कोणी असते का, हा प्रश्न तबकड्या गंजून गेल्या तरी जुना झालेला नाही.