डिलीटचं बटण

२०२१ च्या पुरात मामाचं चिपळूणचं तळघर-दुकान गेलं, पण माळ्यावरचा डीबी स्पेक्ट्रम प्लस वाचला. सिंक्लेअरच्या १९८४ च्या मॉडेलची ही भारतीय आवृत्ती डेसिबेल्सनं १९८६ मध्ये आणली. पुरातून सुटला, वयानं गाठला: कीबोर्डच्या प्लास्टिक पडद्याची पट्टी तडकलेली.

म्हटलं, नवा बोर्ड काढू. आठ गट, गटात पाच बटणं, तारा फक्त तेरा. सोप्पं! पण बटणं ५८. डिलीट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि शून्य एकदम; पडदा एका दाबात दोन्ही जोडायचा, माझा साधा स्विच एकच जोडतो. अशा बटणांना दोन जोडांचे स्विच लावतोय. (प्लास्टिकात हे जमवणाऱ्याला दंडवत!)

मामा रोज फोनवर विचारतो, "झाला का रे?" कॅसेटा त्यानं पुसून ठेवल्यात.