ल्युकेमिया-मूलपेशींचे निर्देशक आणि पूर्वानुमान (प्रौढांतील तीव्र मायलॉइड ल्युकेमिया)

तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात ज्या मोजक्या पेशी स्वतःसारख्या पेशी पुन्हा निर्माण करून रोग टिकवून धरतात, त्यांना ल्युकेमिया-मूलपेशी म्हणतात. या पेशींच्या पृष्ठभागावरील ज्या प्रथिनांवरून किंवा त्यांच्यातील ज्या जनुकांच्या कार्यावरून त्या ओळखता येतात ते त्यांचे निर्देशक होत. रोग उपचारांना दाद देईल का, उलटेल का आणि रुग्ण किती काळ जगेल, याविषयी आधी बांधलेला अंदाज म्हणजे पूर्वानुमान.

इतिहास : टोरांटो येथे जॉन डिक यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रुग्णांच्या पेशी सोडल्या, तेव्हा सुमारे अडीच लाख पेशींमागे एकच पेशी रोग नव्याने रुजवू शकते आणि ती सीडी ३४ हे प्रथिन असलेल्या, पण सीडी ३८ नसलेल्या गटात सापडते, असे दिसून आले. १९९७ मध्ये याच गटाने ही उतरंड अधिक तपशिलाने मांडली. सीडी ३८ असलेल्या पेशीही काही रुग्णांत रोग रुजवतात आणि एनपीएम १ या जनुकात उत्परिवर्तन असलेल्या अनेक रुग्णांत ही क्षमता सीडी ३४ नसलेल्या पेशींत असते, हे पुढील प्रयोगांत आढळल्याने एकच निर्देशक सर्वांना लागू पडत नाही, असे आता मानले जाते.

पृष्ठभागावरील निर्देशक : सीडी १२३ (इंटरल्युकिन-३ चा ग्राहक), सीडी ४४, सीडी ४७, सीडी ९६, टिम-३ आणि सीएलएल-१ हे प्रमुख होत. यांपैकी सीडी ४७ हे भक्षक पेशींना ‘गिळू नका’ असा संकेत देते, तर टिम-३ आणि सीएलएल-१ निरोगी रक्त-मूलपेशींवर बहुधा आढळत नसल्याने रोगी आणि निरोगी मूलपेशी वेगळ्या काढण्यास त्यांचा विशेष उपयोग होतो. तपासणी फ्लो सायटोमेट्रीने होते. तीत रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे चिकटवून प्रत्येक पेशी लेझर किरणासमोरून नेली जाते. नमुना ताजा असणे आणि पेशी पुरेशा संख्येने मोजल्या जाणे यांवर निष्कर्षाची विश्वासार्हता ठरते.

पूर्वानुमान : निदानाच्या वेळी या पेशींचे प्रमाण जास्त असल्यास उपचारांनंतर अवशिष्ट रोग राहण्याची आणि तो उलटण्याची शक्यता वाढते, असे ॲमस्टरडॅम येथील गटाने २००५ पासून दाखवून दिले आहे. २०१६ मध्ये टोरांटोच्या गटाने ७८ रुग्णांच्या पेशींचे रोग रुजवू शकणारे १३८ आणि न रुजवू शकणारे ८९ अंश परस्परांशी ताडून सतरा जनुकांचा एक गुणांक सिद्ध केला. तो जास्त असलेल्या रुग्णांत प्रमाणित औषधोपचार कमी यशस्वी ठरतो. तरीही यूरोपीय ल्युकेमिया मंडळाच्या २०२२ च्या जोखीम-वर्गीकरणाचा पाया गुणसूत्रे व जनुकांतील बदल हाच आहे.

उपचार : सीडी ४७ रोखणाऱ्या मॅग्रोलिमॅबच्या मोठ्या चाचण्या अपयशी ठरल्या, तर मूलपेशींच्या ऊर्जानिर्मितीवर आघात करणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध ॲझासिटिडीनसह वृद्ध रुग्णांत आज प्रचलित आहे.

दिल्ली परिसर : अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या (स्थापना १९५६) रक्तविज्ञान विभागात व तिच्या डॉ. भीमराव आंबेडकर रोटरी कर्करोग रुग्णालयात, तसेच रोहिणी येथील राजीव गांधी कर्करोग संस्थेत (१९९६) या रोगावर उपचार होतात. २०१९ मध्ये हरियाणातील झज्जर येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था सुरू झाल्याने उपचारांची सोय वाढली. उत्तर प्रदेश, बिहार आणि हरियाणातून रुग्ण येथे येतात. भारतीय रुग्णालयांच्या नोंदींत या रुग्णांचे मध्यम वय साधारणतः चाळिशीच्या आसपास वा त्याहून कमी असते, तर अमेरिकेत ते सत्तरीच्या जवळ आहे. त्यामुळे मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णांवरून ठरलेल्या या निर्देशकांच्या मर्यादा येथे जशाच्या तशा लावणे योग्य नाही.

त्याहून महत्त्वाचा भेद मृत्यूच्या कारणांचा आहे. मूलपेशींचे प्रमाण मुख्यतः रोग उलटण्याचा धोका सांगते. परंतु सात दिवस सायटाराबीन व तीन दिवस डॉनोरुबिसीन या पहिल्या फेरीतच औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग होऊन दगावणारा रुग्ण रोग उलटण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. खर्चाचा प्रश्नही तितकाच निर्णायक आहे : वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात बहुसंख्य रुग्णांनी पुढील उपचार घेतले नव्हते आणि त्याचे मुख्य कारण पैशाची चणचण हे होते. म्हणून भारतात या निर्देशकांचा अभ्यास करताना संसर्गाने झालेले प्रारंभिक मृत्यू, अर्धवट सोडलेले उपचार आणि उलटलेला रोग यांची वेगवेगळी गणना होणे अत्यावश्यक आहे. एरवी परिस्थितीने ओढवलेला मृत्यू पेशीच्या गुणधर्माच्या नावे जमा होतो आणि ज्यांना अस्थिमज्जारोपणाची खरी गरज आहे असे रुग्ण निवडण्यात चूक होते.