चरकसंहितेतील ‘चिंता’ आणि मधुमेह

नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोन्ही शाखांची महाविद्यालये संलग्न आहेत. मनस्तापाने मधुमेह्याची रक्तशर्करा वाढते, असे एका शाखेचा विद्यार्थी शिकतो. दुसऱ्या शाखेचा विद्यार्थी चरकाच्या सूत्रस्थानातील सतरावा अध्याय उघडतो, तो व्यायाम व चिंता यांचा त्याग केलेल्यांस मधुमेह जडतो असे त्यास आढळते. चिंता सोडल्याने मधुमेह! मराठी वाचक येथे थबकल्यावाचून राहात नाही.

हा विरोध अर्थांतराने निर्माण झाला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘चिन्त्’ या धातूचा मूळ अर्थ विचार करणे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात मनाचे विषय सांगताना ‘चिन्त्य’ हाच प्रथम येतो. काळजीचा तेथे गंधही नाही. सतराव्या अध्यायात चिंता व्यायामाच्या जोडीने आली आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. देहाचे व बुद्धीचे श्रम टाकून खाणे, निजणे व बसणे यांतच सुख मानणारा मनुष्य ग्रंथकारास अभिप्रेत असावा. काळजीची छटा संस्कृतातही आहेच. मराठीत मात्र तीच मुख्य ठरली आणि विचाराचा अर्थ ‘चिंतन’ या शब्दाकडे गेला.

मनस्तापाचा परिणाम चरकसंहितेस अज्ञात होता, असे मात्र नव्हे. निदानस्थानाच्या चौथ्या अध्यायात वातज प्रमेहाच्या कारणांत उद्वेग, शोक व जागरण यांची गणना आहे, आणि मधुमेह हा वातज प्रमेहांपैकीच एक होय. इंग्लंडात टॉमस विलिसने सतराव्या शतकात दीर्घ दुःखाशी या रोगाचा संबंध जोडला. पुढे १९११ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन व त्याच्या सहकाऱ्यांना भेदरलेल्या मांजरांच्या मूत्रात शर्करा आढळली. अशा वेळी ॲड्रिनलिन यकृतातील साठ्यातून शर्करा रक्तात सोडविते व कॉर्टिसॉल इन्सुलिनच्या कार्यास अडथळा आणते. निरोगी शरीर ही वाढ आवरते. मधुमेह्यास ते पुरतेपणी साधत नाही. अर्थात सर्व रुग्णांत परिणाम सारखा होत नाही.

तेव्हा सतराव्या अध्यायाचे मराठी भाषांतर करताना ‘चिंता’ हा शब्द तसाच ठेवणे इष्ट नाही. ‘बौद्धिक श्रम’ म्हणावे. काळजीने आधीच शर्करा वाढलेला एखादा रुग्ण तो मजकूर वाचील, तर काळजी हेच पथ्य समजून बसेल.