176 गुणिले 176

176 गुणिले 176 म्हणजे 30,976 ठिपके. प्रत्येक ठिपका एक तर काळा नाहीतर पांढरा, अधलंमधलं काही नाही. हिशेब केला तर सगळे मिळून 3,872 बाईट होतात, म्हणजे चार केबीच्याही आत. माझ्या फोनमधला आजचा एक साधा फोटो याच्या हजारपट तरी जड असेल. पण या एवढ्याशा जागेत एक तीन महिन्यांचं बाळ मावलंय, आणि स्कॅन होऊन कॉम्प्युटरमध्ये शिरलेला जगातला पहिला फोटो हा त्या बाळाचा आहे.

हे मला कळलं मागच्या शनिवारी. आमची चिमी (वय वर्षं दोन) दुपारची झोपली की साधारण दीड तास मिळतो. त्यात भांडी घासायची, कपडे वाळत घालायचे, आणि उरलेल्या वेळात नेटवर उगाच इकडेतिकडे भटकायचं असा आमचा कार्यक्रम. त्या दिवशी शोधायला गेलो होतो इमेज कॉम्प्रेशनचं काहीतरी, ऑफिसच्याच कामाचं. एका लिंकवरून दुसरीवर उड्या मारत मारत येऊन पोचलो 1957 सालात.

तर मंडळी, या बाळाचं नाव वॉल्डन. त्याचे बाबा रसेल कर्श, वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत इंजिनियर. वजनमापांची प्रमाणं ठरवणारी ही संस्था. तिच्याकडे 'सीक' नावाचा स्वतः बांधलेला कॉम्प्युटर होता, 1950 मध्ये सुरू झालेला. दहा हजारांहून जास्त जर्मेनियम डायोड, शेकडो व्हॅक्यूम ट्यूब, आणि मेमरी म्हणजे पाऱ्याने भरलेल्या नळ्या! त्या पाऱ्यातून ध्वनीच्या लहरी गोलगोल फिरवत ठेवायच्या. लहरी फिरताहेत तोवर डेटा आहे, थांबल्या की गेला. सुरुवातीला ही मेमरी होती 512 शब्दांची, एकेक शब्द 45 बिटांचा. म्हणजे सगळी मिळून 23,040 बिट. आता वरचा आकडा पुन्हा बघा. वॉल्डनचा एकटा फोटो सीकच्या मूळच्या मेमरीहून मोठा आहे! पुढे मेमरी वाढवली म्हणून जमलं.

आणि हे मशीन करायचं काय? तर इतर अनेक कामांबरोबर लॉस अलामॉसच्या शास्त्रज्ञांसाठी हायड्रोजन बॉम्बची गणितंसुद्धा. ज्या मशीनवर ती गणितं चालली, त्याच मशीनवर एका बापाने आपल्या पोराचा फोटो चढवला. हे वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

कर्श यांच्या डोक्यात प्रश्न साधा होता: माणसाला दिसतं तसं कॉम्प्युटरला दिसलं तर काय होईल? तोवर कॉम्प्युटरला फक्त आकडे आणि अक्षरं कळायची. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र बनवलं. एका फिरत्या नळकांड्यावर फोटो गुंडाळायचा, त्यावर प्रकाशाचा झोत टाकायचा आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. जास्त आला तर पांढरा, कमी आला तर काळा. ठिपका झाला की पुढे सरकायचं. पाव मिलिमीटरच्या आसपास एकेक पाऊल, आणि फोटो जेमतेम पाच सेंटिमीटरचा चौकोन. नुसत्या काळ्यापांढऱ्यात गाल कसे दिसणार? म्हणून 'जास्त' आणि 'कमी'ची रेषा बदलून तोच फोटो पुन्हा पुन्हा स्कॅन करायचा आणि ते थर एकावर एक चढवायचे. मग करड्या छटा मिळतात. भारी ना?

यातली गंमत अशी की त्या ठिपक्याला तेव्हा नावसुद्धा नव्हतं. 'पिक्सेल' हा शब्द छापून आला 1965 मध्ये. पण ठिपका चौकोनी असावा हे कर्श यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, कारण ते सोपं होतं. आणि ते आजतागायत तसंच चालू आहे. फोटो ताणून मोठा केला की कडांना जिने दिसतात ते त्याच निर्णयामुळे. खुद्द कर्श यांना पुढे ही निवड अजिबात आवडेनाशी झाली. 2010 मध्ये, वयाची ऐंशी उलटून गेल्यावर, त्यांनी एक पेपर लिहिला: ठिपके सगळे चौकोनीच कशाला, चित्रातल्या कडांप्रमाणे त्यांचे आकार बदलले तर चित्र जास्त चांगलं दिसेल. रिटायर होऊन पोर्टलंडला राहणारा म्हातारा बसून जुना बग फिक्स करतोय! (आमच्या प्रोजेक्टमध्ये सहा महिन्यांपूर्वीचा कोड कोणी उघडून बघत नाही.) 2020 मध्ये ते गेले, वय 91.

लाइफने 2003 मध्ये जग बदलणाऱ्या 100 फोटोंचं पुस्तक काढलं, त्यात वॉल्डनचा हा फोटो आहे. सीटी स्कॅन, उपग्रहांची छायाचित्रं, बारकोड वाचणं, हे सगळं या ना त्या प्रकारे चित्राचे आकडे करण्यावर उभं आहे. आणि त्या वंशावळीच्या अगदी वरच्या टोकाला एक टकलं, गुबगुबीत बाळ.

आता 40 वर्षं पुढे येऊ.

माझ्या पिढीच्या इंजिनियरांना टर्बो सी आठवत असेलच. ती निळी स्क्रीन, एफटू दाबून सेव्ह, ऑल्ट एफनाइन दाबून कंपाईल. जग कुठल्या कुठे गेलं तरी आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमधून ती निळी स्क्रीन काही हलली नाही. मी स्वतः विंडोजमध्ये डॉसबॉक्स टाकून त्यावर ती चालवलेली आहे, का तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तीच लागते. तर हे टर्बो सी 1987 मध्ये बाजारात आणणारी कंपनी म्हणजे बोरलँड, आणि तिचे एक संस्थापक फिलिप कान, मूळचे पॅरिसचे. हेच फिलिप कान आपल्या गोष्टीतले दुसरे बाबा.

11 जून 1997. कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझ. कान यांची बायको बाळंतपणासाठी हॉस्पिटलात. त्यांच्याकडे कॅसिओचा एक डिजिटल कॅमेरा, 320 गुणिले 240 पिक्सेलचा. एक लॅपटॉप. आणि मोटोरोलाचा स्टारटॅक मोबाईल, घडी घालायचा. फोटो काढला की तो आपोआप घरच्या सर्व्हरवर जावा आणि तिथून सगळ्यांना इमेलने कळावं, अशी व्यवस्था त्यांना करायची होती. सर्व्हरचं काम झालेलं होतं, पण या तीन वस्तू एकमेकींशी बोलेनात. मग कळा चालू असताना हा माणूस तिथेच बसून कोड लिहितोय, आणि गाडीतल्या स्पीकरफोनच्या किटमधली वायर काढून सोल्डर करतोय. (तिथल्या नर्सबाईंच्या चेहऱ्यावर काय भाव असतील याची कल्पना मला करवत नाही.) मुलगी झाली, फोटो निघाला, आणि दोन हजारांहून जास्त लोकांपर्यंत पोचला. मोबाईलवरून जागच्या जागी पाठवलेला जगातला पहिला फोटो म्हणून आज तो ओळखला जातो. टाइमने 2016 मध्ये सर्वांत प्रभावी 100 छायाचित्रं निवडली त्यात तोही आहे. जपानमध्ये 1999 आणि 2000 साली आतच कॅमेरा बसवलेले फोन विकायला आले, 2002 पर्यंत अमेरिकेत. पुढचं तुमच्या खिशातच आहे.

मी लगेच गुणाकार केला. 320 गुणिले 240 म्हणजे 76,800. चाळीस वर्षांत 30,976 वरून 76,800. म्हणजे अडीचपट फक्त! (रंग आले ते वेगळे.) आणि त्यानंतरच्या पाव शतकात आपण कोट्यवधींवर पोचलो.

आता एक तिसरं बाळ. ते म्हणजे अस्मादिक. मीही 1997 चाच.

पहिलं बाळंतपण माहेरी, या न्यायाने आई साताऱ्याला आजोळी होती. बाबा वापीला एका कारखान्यात शिफ्टमध्ये. माझा जन्म झाल्याचं त्यांना कळलं ते मामाने एसटीडी बूथवरून कारखान्याच्या ऑफिसात केलेल्या फोनमुळे. ऑफिसातल्या माणसाने शॉपफ्लोअरवर येऊन ओरडून सांगितलं, "मुलगा झाला हो!" रजा मिळाली बाराव्या दिवशी. मामाकडे कॅमेरा होता, पण त्यातला रोल 36 फोटोंचा, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला कोण देणार? त्यामुळे माझा फोटो पोस्टाने वापीला पोचला तो मी दीड महिन्याचा झाल्यावर. तो फोटो बाबांच्या पाकिटात होता. घडी पडून मधोमध चीर गेली आहे, माझा एक कान गायब आहे, तरी तो तिथेच आहे. निगेटिव्ह केव्हाच पावसाळ्यात बुरशी लागून गेल्या. माझ्या पहिल्या वर्षाचे एकूण फोटो सात.

चिमीचे दोन वर्षांचे फोटो 11,000 च्या वर आहेत. व्हिडिओ वेगळे. तिच्या जन्मानंतर चौथ्या मिनिटाला तिचा फोटो साताऱ्यात पोचला होता, आणि पाचव्या मिनिटाला "नाक आमच्याकडचं आहे" असा निकालही आला होता :-) फिलिप कान यांनी सोल्डरिंग करून जे मिळवलं ते मला अंगठ्याने मिळालं. त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. आजीला रोज संध्याकाळी चिमी दिसते, बाबांना बारा दिवस थांबावं लागलं होतं. जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही. ते बारा दिवस कसे गेले हे बाबा अजूनही कधी नीट सांगत नाहीत.

पण परवा बायकोने एक प्रश्न विचारला आणि मी अडकलो. मी तिला वॉल्डनची गोष्ट रंगवून सांगत होतो, तर ती म्हणाली, "त्या बाळाला कोणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. तीन महिन्यांच्या पोराला काय विचारणार? पण त्याचा चेहरा साठ वर्षांहून जास्त काळ पुस्तकांत, लेखांत, क्लासरूममध्ये फिरतोय. दुसऱ्या बाळाचा जन्माच्या दिवशीच दोन हजार लोकांकडे गेला. दोघांचेही बाबा काही वाईट हेतूने करत नव्हते. कर्श यांना कॉम्प्युटरला काहीतरी दाखवायचं होतं आणि पाकिटात होता पोराचा फोटो असंच काहीतरी झालं असणार. कोणत्याही बापाने तेच केलं असतं. फरक एवढाच की त्यांचं एकेक बाळ, एकेक फोटो. आमच्या पिढीची मुलं चालायला लागायच्या आत हजार वेळा जगभर जाऊन येतात. कोणत्या सर्व्हरवर ती साठली, कुठल्या मशीनने त्यांच्यावर चेहरे ओळखायचा सराव केला, हे आपल्याला कळायचा काही मार्ग नाही. मी या धंद्यातला असून माझ्याकडे उत्तर नाही. कॉम्प्युटरला माणसासारखं दिसलं तर काय होईल, या 1957 च्या प्रश्नाचं उत्तर आता येऊ लागलंय, आणि ते आपल्याच मुलांच्या चेहऱ्यांवर शिकून येतंय.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच खटकली. वॉल्डनचा फोटो टिकला कारण तो एकच होता. पाऱ्याच्या नळ्यांत दुसरा मावला नसता, म्हणून कोणीतरी बसून 'हा' असं ठरवलं. बाबांच्या पाकिटातला फोटो टिकला कारण पाकिटाला कप्पा एकच. निवड आपोआप व्हायची, जागा नव्हती म्हणून. आता जागा आहे, त्यामुळे निवडणारं कोणी नाही. उद्या चिमीने विचारलं, "बाबा, मी लहानपणी कशी होते?" तर तिच्या हातात मी 11,000 फोटोंचा ढिगारा ठेवणार? त्यात 40 वेळा तोच वरणभात, 60 वेळा तीच घसरगुंडी. एवढ्यात कोणालाही काहीही सापडत नाही.

म्हणून आम्ही दोघांनी घरापुरता एक नियम केलाय. वर्षाला एक रोल. म्हणजे 36 फोटो. दर वाढदिवसाच्या आधी दोघांनी बसून निवडायचे, भांडायचं असेल तर भांडायचं, आणि ते छापून अल्बममध्ये लावायचे. बाकीचे डिस्कवर राहतील, पण अल्बम हा तिचा. घरातल्या ग्रुपवर आजीसाठी फोटो जातील, त्याच्या बाहेर चेहरा दिसेल असं काही टाकायचं नाही. बाहेर काय टाकायचं ते ती मोठी झाल्यावर ठरवेल.

पहिल्या वर्षाचे 36 काढायला आम्हाला तीन वीकेंड लागले. शेवटच्या एका जागेवरून जोरदार वाद झाला: माझ्याकडे होता एकदम शार्प, पोर्ट्रेट मोडमधला, दात दाखवून हसणारा. बायकोकडे होता एक हललेला, अंधारातला, ज्यात चिमी बाबांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, खांद्यावर झोपली आहे आणि त्यांचे डोळेही मिटलेले आहेत. अल्बममध्ये बायकोचा गेला.

असो. आता दुसऱ्या वर्षाचे निवडायला बसायचंय. तुमच्या घरी 36 च ठेवायचे म्हटलं तर तुम्ही कोणते ठेवाल? एकदा बसून बघा. टर्बो सी मधला पॉइंटरचा बग शोधणं सोपं वाटेल.