गूळ साखरेचा पर्याय कधीपासून झाला?

मैद्याऐवजी कणीक आणि साखरेऐवजी गूळ घालून केक करणाऱ्यांना आपण काही नवे करत आहोत असे वाटते. इतिहास उलटा आहे. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या घरांत रोजचा गोडवा गुळाचाच होता; त्याच्या जागी बदली म्हणून आली ती साखर. भट्टीचा पदार्थही गुळाला परका नव्हता. कोकणातले धोंडस किंवा गोव्याची तवसळी पाहा: पिकलेले तवसे (मोठी काकडी) किसायचे, त्यात तांदळाचा रवा, खोबरे आणि गूळ घालायचा, मंद आचेवर पातेले ठेवून झाकणावर निखारे पसरायचे. खालून-वरून धग मिळून खरपूस वडी होते. ओव्हन घरात येण्याआधीचा हा केकच, आणि गुळाच्या ओलाव्यामुळे तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. गोव्याच्या दोदोल या मिठाईला तर माडाचा काळा गूळच लागतो. साखर घातली तर रंगही जातो आणि चवही.

यावर कोणी म्हणेल की साखरही इथलीच, जुनीच. खरे आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात उसाच्या पदार्थांत फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंडशर्करा अशी नावे येतात. पण जुनी असणे वेगळे आणि रोजच्या डब्यात असणे वेगळे. साखर सणाची, पाहुण्याची, देवापुढची. रोज आमटीत पडणारा खडा गुळाचा. गुऱ्हाळ गावातच असे: चुलवणावर काहील, रसात भेंडीचे पाणी, वर आलेली मळी काढत बसलेला गुळव्या, आणि शेवटी ढेप. यंत्राच्या साखरेला हे चित्र बदलायला सरकारी आधार लागला. जावाच्या साखरेवर जकात बसवून १९३२ साली देशी कारखान्यांना संरक्षण मिळाले आणि पाचएक वर्षांत देशातले कारखाने तिसाच्या आसपासवरून सव्वाशेच्या पुढे गेले. पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि मग ऊस गुऱ्हाळाऐवजी कारखान्याच्या वाटेने चालू लागला. चहाने उरलेले काम केले.

तरीही गुळाची हद्द साखरेने पूर्ण घेतली नाही, कारण स्वयंपाकघराने कामे वाटून दिली होती. गूळ किंचित आंबट असतो, उकळत्या दुधात पडला तर दूध फाटू शकते. म्हणून बासुंदी साखरेची, आणि गुळाच्या खिरीत गूळ घालायचा तो खाली उतरवून. श्रीखंडाचा पांढरेपणा गूळ बिघडवतो. उलट पुरण, उकडीच्या मोदकाचे सारण, चिक्की यांत त्याची चवच हवी असते. संक्रांतीला तर दोघे एकाच ताटात येतात, तिळगूळ आणि साखरेचा हलवा. याचा अर्थ असा की मोजून एकाच्या जागी दुसरा ठेवणे हाच चुकीचा हिशेब. केकमध्ये गूळ वापरायचा तर त्याच्या आंबटपणाला थोडा सोडा चालतो, द्रव थोडा कमी लागतो, आणि पांढऱ्याशुभ्र स्पंजचा हट्ट सोडावा लागतो.

साखरेऐवजी गूळ घेण्यावरचा खरा आक्षेप आरोग्याचा आहे, आणि तो गुळाच्या भक्तांना आवडत नाही. गुळात लोह आणि काही खनिजे असतात, पण त्याचा मोठा भाग सुक्रोजच, म्हणजे साखरच. मधुमेही माणसाने गुळाच्या केकला साखरेच्या केकइतकेच जपून हात लावावा.