रविवारची रामकथा आणि तिचे प्रेक्षक

एखाद्या कलाकृतीचा इतिहास लिहिताना कर्त्याचे चरित्र आणि संहितेची जडणघडण यांना सहजच अग्रमान मिळतो; ती पाहणाऱ्यांचे मत बहुधा तळटीपेपुरते उरते. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ या दूरचित्रवाणी-मालिकेच्या बाबतीत हा क्रम पाळता येत नाही. या मालिकेचा इतिहास बऱ्याच अंशी तिच्या प्रेक्षकांनीच घडविला आणि कथेचा शेवट कोठे व्हावा, या प्रश्नावर तर त्यांचाच शब्द अखेरचा ठरला.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर या मालिकेचा पहिला भाग दाखविण्यात आला आणि ३१ जुलै १९८८पर्यंत दर रविवारी सकाळी ती चालू राहिली. ५२ भागांची मूळ योजना लोकाग्रहामुळे वाढत वाढत ७८ भागांवर गेली. त्या काळी देशभर पोहोचणारी दूरचित्रवाणी म्हणजे केवळ दूरदर्शनच होय. १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले होते, तर १९८४मधील ‘हम लोग’ने कौटुंबिक मालिकेची गोडी लावली होती. त्या मालिकेच्या प्रत्येक भागाअखेरीस अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत आणि प्रेक्षक त्यांना पत्रे लिहीत. पडद्यावरील कथेविषयी आपलेही काही म्हणणे असू शकते, ही जाणीव ‘रामायण’पूर्वीच रुजली होती.

‘रामायण’विषयीची प्रेक्षकांची पहिली प्रतिक्रिया मात्र मतापेक्षा आचाराच्या रूपात प्रकट झाली. स्नान करून, पादत्राणे बाहेर काढून मालिका पाहणारी कुटुंबे, संचाला घातलेले हार आणि उदबत्त्या, ओस पडलेले रस्ते यांची वर्णने तत्कालीन वृत्तपत्रांतून वारंवार आढळतात. नागर समीक्षकांना हा प्रकार भाबडेपणाचा वाटला. मराठी वाचकाला तो तितकासा अपरिचित वाटू नये. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा वर्षभर घरोघरी रेडिओला फुले वाहिली गेल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. यंत्राची पूजा कोणी केली नव्हती. यंत्रातून जे येत होते, त्याचे ते स्वागत होते.

कलामूल्याविषयी मात्र तीव्र मतभेद होते. मालिकेची संथ गती, भडक नेपथ्य, आकाशात एकमेकांवर आदळणारे बाण आणि पात्रांच्या चेहऱ्यांवर दीर्घकाळ रेंगाळणारा कॅमेरा यांची इंग्रजी वृत्तपत्रांतून यथेच्छ टर उडविण्यात आली. अमेरिकन अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी १९९०च्या आपल्या निबंधात या दोषांकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. कथावाचक एका प्रसंगावर तासन्‌तास थांबतो. काशीजवळच्या रामनगरची रामलीला महिनाभर चालते. ज्या श्रोत्याला कथा आधीच ठाऊक आहे, त्याला ‘पुढे काय’ याची घाई नसते. त्याला हवे असते ते दर्शन, आणि दर्शनाला अवधी लागतो. चित्रपटाच्या मापाने जी गती संथ ठरते, ती कथा-कीर्तनाच्या मापाने योग्यच ठरते.

अधिक मूलगामी आक्षेप इतिहासकार रोमिला थापर यांनी १९८९च्या आरंभी ‘सेमिनार’ या नियतकालिकात घेतला. शासकीय माध्यमाने एकच रामकथा देशभर पोहोचविली, तर प्रादेशिक, जैन, बौद्ध आणि लोकपरंपरेतील इतर रामकथा हळूहळू झाकोळून जातील, ही त्यांची भीती होती. मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदास यांच्याबरोबर तमिळ कंब, बंगाली कृत्तिवास आणि मराठी ‘भावार्थ रामायणा’चे कर्ते एकनाथ यांचाही निर्देश होता. तथापि नामनिर्देश आणि दृष्टिकोन यांत अंतर असते. मालिकेचा प्राण ‘रामचरितमानसा’चा होता. अग्निपरीक्षेच्या प्रसंगी खरी सीता आधीपासूनच अग्नीच्या स्वाधीन होती, हे तुलसीदासांनी स्वीकारलेले समाधान मालिकेनेही स्वीकारले.

याच ठिकाणी प्रेक्षकमताचा सर्वांत विलक्षण आविष्कार घडला. राज्याभिषेकाबरोबर मालिका संपविण्याचा सागर यांचा मानस होता. ‘मानसा’तही सीतात्यागाची कथा सविस्तर येत नाही, त्यामुळे हा शेवट परंपरेला सोडून नव्हता. परंतु १९८८मध्ये पंजाबातील जालंधर येथे सफाई कामगारांनी संप पुकारला आणि त्याचे लोण उत्तर भारतातील इतर शहरांतही पसरले. हे कामगार प्रामुख्याने वाल्मीकी समाजाचे होते. आदिकवी वाल्मीकींना ते आपले गुरू व पूर्वज मानतात. उत्तरकांडाशिवाय रामायण पुरे होऊ नये, ही त्यांची मागणी होती. त्यागलेल्या सीतेला आश्रय देणारा, लव-कुशांना वाढविणारा आणि त्यांच्याकडून रामासमोरच रामकथा गाववून घेणारा ऋषी याच कांडात प्रत्यक्ष पात्र म्हणून वावरतो. ते कांड गाळणे म्हणजे कवीलाच त्याच्या काव्यातून वगळणे होते.

शहरांचा केरकचरा जे उचलत, त्यांनी कामाला नकार दिल्यावर शासनाला आपला निर्णय बदलावा लागला. १९८८-८९मध्ये उत्तरकांडाची कथा स्वतंत्र मालिकेच्या रूपाने दाखविण्यात आली. एरवी ज्यांचे मत विचारण्याची कोणाला गरज वाटत नव्हती, त्यांनी संहितेच्या व्याप्तीविषयी दिलेला हा निवाडा होता. वाल्मीकिरामायणाच्या याच कांडात शूद्र तपस्वी शंबूकाच्या वधाचीही कथा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एकाच ग्रंथभागातून गौरव आणि अन्याय हे दोन्ही वारसे कसे हाती येतात, हेही उमगते. मराठी रसिकाला आणखी एक गोष्ट येथे आठवेल. ‘गीतरामायणा’ची सुरुवात रामासमोर गाणाऱ्या लव-कुशांपासूनच होते. जालंधरच्या कामगारांनी ज्या प्रसंगासाठी संप केला, त्या प्रसंगाच्या चौकटीत माडगूळकरांनी संपूर्ण रामकथा बसविली होती.

पुढे बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेने (१९८८–९०) प्रेक्षकमताची आणखी काही रूपे दाखविली. तिचे संवादलेखन राही मासूम रझा यांनी केले होते. दिल्लीतील स्त्री-प्रेक्षकांच्या मुलाखती घेणाऱ्या पूर्णिमा मंकेकर यांना असे आढळले की, द्रौपदीच्या वस्त्रहरणाच्या प्रसंगात अनेकींनी स्वतःच्या असुरक्षिततेचे प्रतिबिंब पाहिले. पडद्यावरून भक्तीचा बोध येत असताना प्रेक्षक त्यातून अन्यायाचा अर्थ काढू शकत होता. याउलट, या मालिकांनी राजकीय हिंदुत्वाला अनुकूल भूमी तयार केली, असे अरविंद राजगोपाल यांच्यासारखे अभ्यासक मांडतात. सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया आणि रावणाची भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी १९९१मध्ये लोकसभेवर निवडून आले, ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही.

२०२०च्या मार्चअखेरीस, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले, तेव्हा तिला पुन्हा प्रचंड प्रेक्षकवर्ग लाभला. ज्यांनी ती बालपणी पाहिली होती, ते आता आपल्या मुलांसह ती पाहत होते. पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी देशभर पोहोचणारी दुसरी वाहिनी नव्हती. या वेळी शेकडो होत्या, तरीही लोक तिच्याकडे वळले. यावरून पर्यायांचा अभाव हे तिच्या लोकप्रियतेचे एकमेव कारण नव्हते, एवढे निश्चित म्हणता येते.

भाविक, समीक्षक, इतिहासकार आणि सफाई कामगार या सर्वांनी एकच मालिका पाहिली. परंतु प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता. त्यांतील सर्वांत साधा व सर्वांत अवघड प्रश्न जालंधरच्या कामगारांनी विचारला होता : या कथेत आमची जागा कोणती? रामकथेच्या दूरचित्रवाणीवरील प्रवासाचा अभ्यास करणाऱ्यास या प्रश्नापासून आरंभ करावा लागेल.