रेघांतलें आभाळ

निसर्गचित्र म्हटलें कीं आपणांस प्रथम रंग आठवतो. परंतु रंगावांचूनही आभाळ बोलकें होतें, याची साक्ष डच चित्रकार रेंब्रांट याचें १६४३ सालचें ‘तीन झाडें’ हें ठशाचें चित्र देतें. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, त्यावर सुईनें रेघा ओढावयाच्या, आम्लानें त्या पत्र्यांत खोल उतरवावयाच्या आणि शाई भरून कागदावर ठसा घ्यावयाचा, हेंच त्याचें मुख्य साधन.

पण रेघांची योजना पाहावी! डाव्या कोपऱ्यांत पट्टीनें आंखल्यासारख्या ताठ, तिरप्या रेघा कोसळतात. तीच पावसाची सर. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडें उभीं. त्यांच्या पाठीशीं कोरा कागदच उजेड झाला आहे. क्षितिज खालीं ठेविल्यानें आभाळ अफाट आणि दूरचें शहर चिमुकलें दिसतें. गळ टाकून बसलेला मनुष्य, झुडपांच्या काळोखांतलें प्रेमी युगुल, हीं शोधल्यावांचून सांपडत नाहींत.

कोणी या झाडांत ख्रिस्ताच्या वधस्थळींचे तीन क्रूस पाहतात. तें न मानलें तरी हीं झाडें मनांतल्या मनांत डावीकडे सरकवून पाहावींत. तीं सरींत बुडतील, आणि वादळापुढें टिकून राहणाऱ्याची कथा जाऊन केवळ पावसाचें वर्णन उरेल. अर्थ झाडांत नव्हता. त्यांच्या जागेंत होता.